हक्क सरकारने मोडला तर भरपाई मिळते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आमच्या कायदा सल्ला केंद्राकडे पत्राने, फोनवर आणि प्रत्यक्ष येऊन जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सरकारी यंत्रणेने माझा मूलभूत हक्क मोडला तर पैशांत भरपाई मिळते, असे राज्यघटनेत कुठे लिहिले आहे?

असे थेट वाक्य राज्यघटनेत नाही. मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी आदेश काढण्याचा अधिकार अनुच्छेद ३२ सर्वोच्च न्यायालयाला आणि अनुच्छेद २२६ उच्च न्यायालयाला देतो. या अधिकारात भरपाईचा आदेशही बसतो, हे न्यायालयांनी निकालांमधून प्रस्थापित केले. त्याची पायाभरणी १९८३ मधील रुदल शाह विरुद्ध बिहार राज्य या निकालाने झाली. सत्र न्यायालयाने १९६८ मध्ये निर्दोष सोडलेला हा माणूस त्यानंतर १४ वर्षे तुरुंगातच राहिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आधी मिळालेल्या ५ हजारांव्यतिरिक्त आणखी ३० हजार रुपये देण्याचा आदेश बिहार सरकारला दिला. नुसता सुटकेचा आदेश देऊन न्यायालय थांबले, तर अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कात काही अर्थच उरणार नाही, असा त्यामागचा विचार होता. आजही प्रत्येक भरपाई याचिका याच विचारावर उभी राहते.

२. अतिवृष्टीचे अनुदान किंवा पीकविमा हीसुद्धा हीच भरपाई आहे का?

नाही. अतिवृष्टीनंतर पंचनामा होऊन खात्यात जमा होते ती शासनाची मदत असते, आणि पीकविमा हा कराराचा विषय आहे. त्या पैशांमागे सरकारने काही चूक केली, असे कोणी म्हणत नाही. या पानावरची भरपाई वेगळी आहे. शासनाच्या माणसाने किंवा यंत्रणेने तुमचा हक्क मोडला, हे न्यायालय आधी ठरवते आणि मगच रक्कम देते. म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही अर्जात ‘मदत मिळावी’ असे न लिहिता ‘भरपाई द्यावी’ असे लिहायला सांगतो. मुलाच्या मृत्यूबद्दल दाद मागणाऱ्या आईने ‘उपकार होतील’ असे शब्द का लिहावेत?

३. ‘सरकारवर दावा चालत नाही’ असे गावातले जाणकार सांगतात. ते खरे आहे का?

ते एका जुन्या निकालाच्या आधारावर सांगतात. १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणात पोलिसांनी जप्त केलेले सोने ठाण्यातून नाहीसे झाले, तरीही शासन सार्वभौम अधिकार वापरत होते म्हणून जबाबदार नाही, असा निर्णय झाला. मूलभूत हक्कांच्या बाबतीत हा बचाव आता चालत नाही. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. पोलिसांनी चौकशीसाठी नेलेल्या २२ वर्षांच्या तरुणाचा मृतदेह दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर सापडला होता. त्याच्या आईने न्यायालयाला लिहिलेले पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले गेले आणि तिला दीड लाख रुपये मंजूर झाले.

४. कोणत्या प्रकारच्या प्रकरणांत भरपाई मिळते?

बेकायदा अटक किंवा स्थानबद्धता, कोठडीतील मारहाण व मृत्यू, बेड्या घालून रस्त्याने मिरवणे, मुदत संपूनही तुरुंगात ठेवणे, सरकारी रुग्णालयांनी तातडीचे उपचार नाकारणे, नोटीस न देता घर पाडणे या प्रकरणांत न्यायालयांनी भरपाई दिली आहे. उपचारांबाबतचा प्रसिद्ध निकाल १९९६ चा पश्चिम बंगालमधील आहे. रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. त्याला २५ हजार रुपये मिळाले. घर पाडण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी देशभरासाठी निर्देश दिले असून, किमान १५ दिवसांची नोटीस न देता पाडापाडी केल्यास नुकसानीचा भार संबंधित अधिकाऱ्यावर टाकता येतो.

मात्र हक्कभंगाचा आरोप केला की भरपाई मिळतेच असे नाही. २००६ च्या सुबे सिंग निकालात न्यायालयाने सावध केले आहे की हक्कभंग उघड व निर्विवाद असावा, तो गंभीर असावा, आणि कोठडीतील छळाचा आरोप असेल तर त्याला वैद्यकीय अहवाल, व्रण, अपंगत्व किंवा मृत्यू यांचा आधार असावा. पुराव्याचे महत्त्व यामुळेच वाढते (प्रश्न ७ पहा).

५. मी हिंगोली जिल्ह्यातला आहे. मला मुंबईला किंवा दिल्लीला जावे लागेल का?

नाही. मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. ते १९८१ पासून कार्यरत आहे. अनुच्छेद २२६ खालील याचिका तेथेच दाखल होते. अनुच्छेद ३२ खाली थेट दिल्लीला जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण सर्वोच्च न्यायालय सहसा आधी उच्च न्यायालयात जाण्यास सांगते. शिवाय उच्च न्यायालयाचा अधिकार काही बाबतींत अधिक व्यापक आहे. प्रश्न १५ मध्ये त्याचे उदाहरण आहे.

तुमचा माणूस अजूनही बेकायदा डांबलेला असेल, तर भरपाईचा विचार नंतर करा. आधी बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका दाखल करा.

६. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणतात. वकिलाची फी कुठून आणायची?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि उच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी औरंगाबाद खंडपीठाची स्वतंत्र विधी सेवा उपसमिती आहे. १५१०० या क्रमांकावरही मदत मिळते. मोफत वकील म्हणजे कमी प्रतीचा वकील, हा समज आम्हाला वारंवार ऐकू येतो. आमचा अनुभव तसा नाही. कागद नीट लावलेले असतील तर हे वकील मन लावून काम करतात.

७. पुरावा म्हणून काय जपून ठेवायचे? पोलीस ठाण्यातली कागदपत्रे तर त्यांच्याच ताब्यात असतात.

या प्रश्नावरच बहुतेक प्रकरणे जिंकली किंवा हरली जातात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

बेकायदा अटकेत सर्वांत मोठा वाद वेळेचा असतो. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे, असे अनुच्छेद २२(२) सांगतो. प्रत्यक्षात माणसाला शुक्रवारी उचलले जाते आणि कागदावर अटक रविवारी दाखवली जाते. मधले दोन दिवस तो ठाण्यात नव्हताच, असे उत्तर मिळते. अशाच एका प्रकरणात एक मावशी मुलासाठी डबा घेऊन शुक्रवारी संध्याकाळी तालुक्याच्या ठाण्यात गेल्या होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा कापडाच्या पिशवीत सगळ्या कागदांची चळत होती, आणि तिच्या तळाशी एसटीचे दोन तिकिटांचे तुकडे होते, एक जाण्याचे आणि एक येण्याचे. वाहकाच्या मशीनमधून निघालेल्या त्या तिकिटांवर तारीख आणि वेळ छापलेली होती. मुलगा ताब्यात नसता तर ती बाई त्या वेळी डबा घेऊन तालुक्याला कशासाठी गेली असती? अशा तिकिटावरची शाई काही महिन्यांत उडते. त्यांच्या एका तिकिटावरची वेळ वाचता येत होती, दुसऱ्यावरची पुसट झाली होती. म्हणून असा कागद हातात येताच त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या आणि मूळ तुकडा पाकिटात ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचे आणि चित्रीकरण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जतन करण्याचे आदेश दिले. ‘या तारखेपासून या तारखेपर्यंतचे चित्रीकरण नष्ट करू नये’ असा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पुढे चित्रीकरण ‘उपलब्ध नाही’ असे सांगितले गेले, तर तो शिक्काच तुमच्या बाजूने बोलतो.

तिसरी गोष्ट वैद्यकीय नोंदींची. डी. के. बसू प्रकरणातील १९९६ च्या निर्देशांनुसार कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील साक्षीदाराची सही हवी. न्यायदंडाधिकारी ‘काही तक्रार आहे का’ असे विचारतात, तेव्हा मारहाण झाली असेल तर तिथेच सांगा. भीतीपोटी ‘नाही’ म्हटलेला शब्द पुढे वर्षानुवर्षे आडवा येतो. स्टेशन डायरीची नोंद माहितीच्या अधिकारात मागता येते, आणि माहिती कोणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर त्या कायद्याच्या कलम ७(१) नुसार ४८ तासांत देणे बंधनकारक आहे. अर्जाच्या सुरुवातीलाच हे कलम लिहा.

८. किती रक्कम मिळते? काही तक्ता आहे का?

तक्ता नाही. १९८३ मध्ये ३५ हजार, १९९३ मध्ये दीड लाख, २००० साली हावडा येथे रेल्वेच्या यात्री निवासात अत्याचार झालेल्या बांगलादेशी महिलेला १० लाख, आणि २०१८ मध्ये खोट्या हेरगिरी प्रकरणात अडकवल्या गेलेल्या शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना ५० लाख रुपये, असा आकडा वाढत गेला आहे. हक्क किती काळ हिरावला गेला, इजा किती झाली, अवलंबून कोण आहेत आणि अधिकाऱ्यांचे वर्तन कसे होते, हे न्यायालय पाहते. काही ठिकाणी मात्र आकडा ठरलेला आहे. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवलेल्या कामगाराचा मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले.

एका गोष्टीबद्दल आम्ही उघडपणे नाराज आहोत. मृत्यूच्या प्रकरणात मृताची कमाई हिशेबात धरली जाते, त्यामुळे ऊसतोड कामगाराच्या किंवा वीटभट्टीवरच्या मजुराच्या जिवाची किंमत कमी भरते. हक्क सर्वांचा सारखा असेल, तर तो मोडल्याची किमान भरपाईही सारखी असली पाहिजे. याचिकेत हा मुद्दा लेखी मांडावा, असे आम्ही प्रत्येक वकिलाला सुचवतो.

९. घटनेला तीन वर्षे झाली. मुदत संपली का?

अनुच्छेद २२६ खालील याचिकेला कायद्याने ठरावीक मुदत नाही, पण उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते. दिवाणी दाव्याचे मात्र तसे नाही. बेकायदा कैदेच्या भरपाईसाठी मुदत कायद्यात एक वर्ष आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १६१ अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्याविरुद्ध सहा महिन्यांत दावा करायला सांगते. शिवाय शासनावर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. दिवाणी मुदत संपली म्हणून रिट याचिकेचा, म्हणजे अनुच्छेद २२६ खालील याचिकेचा, दरवाजा बंद झाला, असे समजू नका.

१०. मानवी हक्क आयोगाकडे जावे की उच्च न्यायालयात?

आयोगाकडे साधा अर्ज पुरतो, वकील लागत नाही. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार केली पाहिजे, आणि आयोग १९९३ च्या कायद्याच्या कलम १८ खाली भरपाईची शिफारस करतो. न्यायालयाचा आदेश बंधनकारक असतो. न्यायालयात प्रलंबित असलेल्या विषयात आयोग सहसा हात घालत नाही, म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करू नका. वस्तुस्थिती गुंतागुंतीची असेल तर आधी आयोग चांगला, कारण त्याच्याकडे तपासाची यंत्रणा आहे आणि त्याचा अहवाल पुढे न्यायालयात वापरता येतो.

११. मी सात वर्षांनी निर्दोष सुटलो. गेलेल्या वर्षांची भरपाई आपोआप मिळेल का?

आपोआप मिळत नाही, आणि हा आपल्या कायद्यातला मोठा दोष आहे. संशयाचा फायदा मिळून झालेली सुटका भरपाईला पुरेशी ठरत नाही. तपास खोटा होता, पुरावा दडवला गेला किंवा बनवला गेला, हे दाखवावे लागते. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा ५ मार्च २०१९ चा निकाल प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने फोटोंवरून ओळखलेली माणसे वेगळीच होती. सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांतील भरपाईसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद सुचवली. ती झाली असती तर सुटून आलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून लढावे लागले नसते.

निराधार अटक घडवून आणणाऱ्या तक्रारदाराकडून भरपाई देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ मध्ये आहे, पण तिची कमाल मर्यादा १ हजार रुपये आहे.

१२. भावाला जामीन मिळाला, पण तुरुंगातून सोडायला तीन आठवडे लावले. यात काही करता येते का?

येते. जून २०२५ मध्ये गाझियाबादच्या तुरुंगातील अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई दिली. आदेशात एका पोटकलमाचा उल्लेख राहिला, एवढ्या कारणावरून त्या माणसाला जवळपास महिनाभर अडकवून ठेवले होते. जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोहोचला पाहिजे. आदेशाची तारीख, जामीनदार पूर्ण झाल्याची तारीख आणि सुटकेची तारीख अशा तीन तारखा कागदावर मांडा. जामीनदार न मिळाल्यामुळे झालेला उशीर यात धरला जात नाही.

१३. कोठडीतील मृत्यूबद्दल शासनाने देऊ केलेली रक्कम घेतली, तर पुढचा हक्क जातो का?

जात नाही. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये तुरुंगातील मृत्यूंसाठी धोरण मंजूर केले असून, त्यात अपघात, मारहाण किंवा वैद्यकीय हलगर्जी अशा कारणांनी मृत्यू झाल्यास ५ लाख आणि आत्महत्या असल्यास १ लाख रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम घेऊनही उच्च न्यायालयात जाता येते, फक्त अंतिम भरपाईतून ती वजा होऊ शकते. पैसे घेताना पुढे ठेवलेल्या कागदावर ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ असे वाक्य असेल, तर सही करू नका. अंगठा उठवणाऱ्या नातेवाइकांना तो कागद आधी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेऊ द्या.

पैसे मिळाले म्हणून गुन्हा मिटत नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत झालेल्या तरुणाच्या मृत्यूप्रकरणी औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि त्याविरुद्धचे राज्य शासनाचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळले.

१४. पैसे सरकारी तिजोरीतून जातात. त्या अधिकाऱ्याच्या खिशातून का नाही?

१९९१ च्या महाराष्ट्र राज्य विरुद्ध रविकांत पाटील या प्रकरणात आरोपीला बेड्या घालून सोलापूरच्या रस्त्यांवरून फिरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १० हजार रुपये निरीक्षकाने द्यावेत असे म्हटले, तर सर्वोच्च न्यायालयाने रक्कम कायम ठेवून ती शासनाने द्यावी असे ठरवले. नियम म्हणून आजही पहिली जबाबदारी शासनाची आहे, आणि चौकशी करून अधिकाऱ्याकडून वसुली करण्याची मुभा शासनाला असते. याचिकेत वसुलीची आणि चौकशीच्या कालमर्यादेची मागणी स्वतंत्रपणे करा. न मागितल्यास तसा आदेश मिळण्याची शक्यता कमी असते.

१५. दुष्काळात आमची जमीन पाझर तलावात गेली, पण आजवर मोबदला नाही. हा हक्कभंग आहे का?

आहे, पण मूलभूत हक्काचा नाही. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला गेला आणि अनुच्छेद ३००अ मध्ये घटनात्मक हक्क म्हणून राहिला. म्हणून अनुच्छेद ३२ चालत नाही, २२६ चालतो. तुकाराम काना जोशी विरुद्ध एमआयडीसी या २०१२ च्या निकालात अनेक दशकांचा उशीर असूनही सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. जमीन घेऊन मोबदला न देणे हा चालू राहणारा अन्याय आहे, असे त्यात मानले गेले.

शासनाकडून नेहमी येणारे उत्तर असे की शेतकऱ्याने जमीन स्वखुशीने दिली होती. तोंडी संमतीचा असा बचाव विद्या देवी प्रकरणात २०२० मध्ये फेटाळला गेला. जुना सातबारा, फेरफार, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि तलावाच्या कामाची नोंद यांच्या नकला आधी मिळवा.

१६. शेतात तुटून पडलेल्या विजेच्या तारेने माणूस दगावला. यातही रिट याचिका होते का?

महावितरण ही शासनाची कंपनी असल्याने तिच्याविरुद्ध रिट दाखल करता येते, पण घटनाच वादग्रस्त असेल तर उच्च न्यायालय दिवाणी दाव्याकडे पाठवू शकते. २००० च्या तामिळनाडू वीज मंडळ विरुद्ध सुमती निकालाने हे ठरले आहे. विद्युत निरीक्षकांच्या अहवालात देखभालीतील त्रुटी मान्य असेल, तर वाद उरत नाही. दिवाणी दाव्यातही २००२ च्या शैलकुमारी निकालामुळे हलगर्जी सिद्ध करण्याचे ओझे हलके झाले आहे, कारण धोकादायक वस्तू वापरणाऱ्यावर कठोर दायित्व, म्हणजे चूक सिद्ध न होताही जबाबदारी, येते. खासगी रुग्णालय किंवा खासगी कंपनीविरुद्ध मात्र या पानावरचा मार्ग सहसा चालत नाही.

१७. रिटमध्ये भरपाई मिळाल्यावर दिवाणी दावाही लावता येतो का?

लावता येतो. रिटमधील रक्कम दाव्यातील हुकुमनाम्यातून वजा होते. मुदतीसाठी प्रश्न ९ पहा.

१८. आदेश होऊन आठ महिने झाले, पैसे आलेच नाहीत. आता काय?

आदेशाची प्रमाणित प्रत संबंधित खात्याच्या सचिवांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. आदेशात दिलेली मुदत उलटल्यावर न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ खाली अर्ज करता येतो, पण त्याची मुदत कलम २० नुसार अवमान घडल्यापासून एक वर्ष आहे. तुमचे आठ महिने आदेशाच्या तारखेपासून मोजलेले दिसतात. मुदत मात्र पैसे देण्यासाठी न्यायालयाने दिलेले आठवडे संपल्यापासून मोजली जाते, तेव्हा ती तारीख आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात शोधा आणि प्रत घेऊन याच आठवड्यात वकिलांना भेटा.